शेऱ्याचा रकाना

प्रगतिपुस्तकातला शेऱ्याचा रकाना
दोन बोटं रुंद.
पहिल्या सत्रात त्यात मी लिहिलं होतं:
भावेश धकाते, इयत्ता तिसरी, वर्गात लक्ष नसते.
अक्षर छान आलं होतं माझं.

तांडापेठेतली शाळा. चव्वेचाळीस मुलं,
दोन पंखे, त्यातला एक फिरतो.
घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा,
अजनीच्या यार्डातून कुणी आणला, आता आठवत नाही कुणाला.
शामकुळे काका हातोडा घालतात
आणि पार पाचपावलीत कळतं, सुट्टी झाली.

भावेश तेव्हा बाकाखाली.
कानांवर तळवे, दातांत कॉलर,
आणि एक बारीक सूर, जो थांबेपर्यंत
मधली सुट्टी संपायची,
म्हणजे पुन्हा घंटा.

मी ओरडायचे. मुलं हसायची.
मुख्याध्यापक म्हणाले, अशांची वेगळी शाळा असते मॅडम,
पालकांना पत्ता देऊन टाका.
पत्ता मी लिहून ठेवला होता, खरं सांगते,
पर्समध्ये, बसच्या तिकिटांत.

त्याची आई आली दिवाळीनंतर.
बोटांना रंग, पदराला सुताची टोकं.
मी पत्ता काढायच्या आत म्हणाली,
"आवाजाचं म्हणता का जी?
हा तं मागाच्या खटखटीत झोपते.
माग बंद पडला का उठून बसते."

पर्सची चेन मी परत लावली.

गुरुवारी खोब्रागडे मॅडम यायच्या,
सात शाळांत फिरणाऱ्या विशेष शिक्षिका,
स्कूटीच्या डिकीत मण्यांची पाटी, जाड पेन्सिली,
तोंडाला ओढणी, नुसते डोळे.
त्यांना मागाचं सांगितलं.
त्या पाणी प्यायल्या. आणखी एक ग्लास प्यायल्या.
म्हणाल्या, मागाचा ठोका
पुढच्या ठोक्याची वर्दी देतो.
तुमची घंटा देते का?

तेव्हापासून शामकुळे काका आधी खिडकीशी येतात.
कुरकुरत. बावीस वर्षं घंटा दिली,
कुणाला विचारून दिली नाही.
पाच बोटं. चार.
तीनला भावेश पेन्सिल ठेवतो,
दोनला कान झाकतो,
एकला
(हे कुणी शिकवलं नव्हतं)
शेजारची ऋणाली निनावे कान झाकते,
मग मागचा बाक,
मग अख्खी तिसरी कान झाकून
खिडकीबाहेर हलणारा हातोडा बघते.

तपासणीला साहेब आले त्या दिवशी
काका चहा सांगायला गेले, घंटा भलत्यानेच दिली.
भावेशच्या मनगटावर त्याचेच चार दात उमटले.
साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.
रकाना त्यांच्याकडेही असतो.

मार्चअखेर खोब्रागडे मॅडमचा करार संपला.
नवा होईल म्हणतात.
मण्यांची पाटी माझ्या कपाटात राहिलीय,
ती वापरायची कशी, ते मी अर्धंच शिकले.

हल्ली ओरडायच्या आधी मीही हात वर करते.
पाच. चार.
एकवर येईपर्यंत
बरेचदा ओरडायचं राहून जातं.

परवा, पारा पंचेचाळीसवर,
सकाळची शाळा सुटली, काका रांजणाकडे वळले,
तेव्हा भावेश लिंबाखाली गेला
आणि अजून कापत असलेल्या रुळावर
तळहात ठेवून उभा राहिला,
रूळ गप्प होईपर्यंत.
मग हात पाहिला. चड्डीला पुसला.
दप्तर विसरून घरी गेला.

आता दुसऱ्या सत्राचा शेरा.
पेन उघडून बसलेय कधीची.
कूलरचा आवाज बदललाय,
मला उशिरा कळलं, टाकीतलं पाणी संपलंय.
भावेश असता इथे
तर केव्हाच उठून बसला असता.